चार दिवसांची जीप
"चारच दिवस ठेवतो जी," असं म्हणून एक माणूस आमच्या टिनाच्या शेडात काळीपिवळी जीप लावून गेला, त्याला परवाच्या पोळ्याला सहा वर्षं झाली.

आमचं गाव दारव्ह्याच्या अलीकडे. कापसाची उलंगवाडी झाली, म्हणजे हंगाम संपला, की शेड रिकामं पडतं. म्हणून महिना ५०० रुपयांनी कुणाचं थ्रेशर, कुणाची ट्रॉली ठेवून घ्यायचो. या गड्यानं एका महिन्याचे पैसे आगाऊ दिले, वर चहा पिऊन गेला. पुढं फोन लावला तर नंबर अस्तित्वात नव्हता. जीप मात्र होती. दिवसेंदिवस जास्तच होती.

पहिल्या वर्षी चाकांची हवा गेली, दुसऱ्या वर्षी दोन चाकंच गेली. ती मी विकल्याचा संशय गावाला अजून आहे. टपावर दोडक्याचा वेल चढला, मागच्या सीटवर घरची कोंबडी अंडी घालू लागली. दसऱ्यानंतर कापूस आला की गंजी जीपला वळसा घालून लावायची. भंगारवाला अठरा हजार द्यायला तयार होता, पण "आरसी बुक दाखवा" म्हणाला. आरसी बुक असतं तर मी तिच्यात बसून पळून गेलो असतो.

ठाण्यात गेलो. जमादारांनी विचारलं, "उभी कुठं हाय? आत का रस्त्यावर?"

"आत."

"मंग आमचं काम नाही. सार्वजनिक जागी १० तास बेवारस राहिली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ लागते. तुमच्या शेडात बेवारस कशी होईन? तुमी हाय ना!"

मग दारव्ह्याच्या कोर्टात वकिली करणारा भाचा गाठला. त्यानं १८७२ चा करार कायदा काढला. त्या कायद्याला माझ्यापेक्षा जीपचीच काळजी जास्त होती. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेतली की शहाण्या माणसानं आपली जपावी तशी ती जपायची. मी माझी सायकल कशी जपतो हे भाच्याला माहीत असल्यानं तो या कलमावर थांबला नाही.

"मामा, जीप तुमाले रस्त्यात सापडली असती ना, तर सोपं होतं. मालक शोधून सापडला नाही अन् सांभाळायचा खर्च किमतीच्या दोन-तृतीयांश झाला, तर सापडलेली वस्तू विकता येते. कलम १६९."

"खर्च तर कवाचाच पार झाला!"

"पन तुमाले सापडली कुठं? त्यानं हातात दिली. तुमी पैसे घेतले. चहा पाजला."

चहा पाजल्याचं कलम मात्र त्यानं सांगितलं नाही.

"मेकॅनिकनं दुरुस्ती केली तर पैसे भेटेपर्यंत गाडी अडवून ठेवता येते. पन तोही तेवढ्यावरून विकू शकत नाही. तुमी तर निसती उभी ठेवली."

अडवून ठेवायचा हक्क मागायला मी गेलोच नव्हतो. मला ती न ठेवायचा हक्क हवा होता.

"अन् कोनी गाय ठेवली, तिले वासरू झालं, तर गायीसंगं वासरूही परत द्या लागते. कायद्यातच उदाहरन हाय," तो उत्साहात म्हणाला. जीपला सहा वर्षांत काही झालं नाही, एवढंच काय ते नशीब.

उपाय एकच. नोंदणीवरच्या मालकाला नोटीस, मग दिवाणी दावा, मग कोर्टाच्या हुकमानं विक्री. नोटीस गेली. वाशीमहून उत्तर आलं की गाडी आपण आठ वर्षांपूर्वीच विकली, घेणाऱ्यानं नावावर केली नाही. सोबत विनंती होती की तो माणूस भेटला तर आम्हालाही कळवा.

दाव्याची तारीख, वय आणि गुडघे यांचा हिशेब केला आणि मला जमादारांचं वाक्य आठवलं. १० तास. अमावस्येच्या रात्री चार गडी बोलावले, ओंडक्यांवरून जीप ढकलत रस्त्याच्या कडेला नेली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा निवांत झोपलो.

सकाळी शेडात जीप होती. दोडक्याचा वेलही नीट टपावर घातलेला.

"भाऊ, तुमची जीप घरंगळली होती रात्री," दुधवाला अभिमानानं म्हणाला. "आमी आठ-दहा जनानं लोटत आनली. एखाद्यानं चोरून नेली असती न बाप्पा!"

त्यांनाही चहा पाजावा लागला.

आज रात्री पुन्हा, असं मनाशी ठरवत होतो, तेवढ्यात बायको जीपमधून डोकं बाहेर काढून म्हणाली, "आता एकवीस दिवस हिले हात लावू नका. कोंबडी खुडूक बसली."

मी भाच्याला फोन लावला. "पिल्लं कोनाची रे?"

"तुमचीच की. कोंबडी त्यानं थोडीच ठेवली होती?"

सहा वर्षांत त्या जीपमधून निघणारं, माझ्या मालकीचं ते पहिलंच.