‘श्रीमंतांची घरं बघून आम्ही काय करायचं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

इंदूरच्या माणिकबाग राजवाड्यावर आणि पॅरिसच्या झाँ-मिशेल फ्रँक या गृहसजावटकारावर मी लिहिलं, त्यावर तुमची सणसणीत प्रतिक्रिया आली. उत्तर खालच्या चौकटीत मावेना, म्हणून इथे स्वतंत्र लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. एक, जगभर मंदी असताना प्रजेच्या पैशावर एका संस्थानिकानं केलेल्या हौसेचं मी कौतुक केलं. दोन, डोंबिवलीच्या साडेपाचशे चौरस फुटांत या सगळ्याचा उपयोग शून्य. तीन, ‘प्रेरणा’ म्हटलं की आम्हा डिझाइनवाल्यांना युरोपच आठवतं, घरचं काही दिसत नाही. आणि जाता जाता विचारलंय की टीव्हीच्या भिंतीला पीव्हीसीची मार्बल शीट लावली तर चालेल, की तेही माझ्या डोळ्यांना खुपेल?

पहिल्या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. माणिकबाग बांधून घेणारे इंदूरचे संस्थानिक यशवंतराव होळकर यांना 1930 साली राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले, तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. राजवाड्याचा जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. दोन तरुण पोरं आणि हात आखडता घ्यायला सांगणारं कोणी नाही, अशा थाटात 1930 ते 1933च्या दरम्यान ते काम झालं. संस्थानी कारभारात खजिना आणि राजाचा खिसा यांच्यातली भिंत पातळच असायची. त्यामुळे माणिकबागेतली खुर्ची बघताना तिचा हिशेब कोणी चुकता केला हे विचारायलाच हवं. पण ते विचारायचं म्हणून खुर्ची बघायचीच नाही, हे काही मला पटत नाही. वेरूळचं कैलास कोणाच्या घामावर उभं राहिलं हे आपल्याला कळतं, तरी आपण ते बघायला जातोच.

तर आधी बघूया. तुमच्या प्रतिक्रियेत ‘झुंबरं आणि सोन्याचा मुलामा’ असे शब्द आहेत. गंमत अशी की ते वर्णन त्याच शहरातल्या, त्याच घराण्याच्या लालबाग राजवाड्याला चपखल बसतं. तिथे मुलामा आहे, रंगवलेली छतं आहेत, संगमरवर आहे, आणि फाटक थेट बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीचं आहे. लालबागेत शिरल्यावर ‘हे महाग आहे’ हे कोणी सांगावं लागत नाही. माणिकबागेत ते सांगावं लागलं असतं. तिथे स्टीलच्या नळ्या होत्या, काच होती, क्रोमचा पत्रा होता. राजाराणीचे पलंग लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स या फ्रेंच डिझायनरांनी काच आणि धातूचे केले होते. मुथेसियसनं ग्रंथालयासाठी ज्या उंच पाठीच्या खुर्च्या केल्या, त्यांचं लाल अस्तर कृत्रिम चामड्याचं, म्हणजे आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो त्या जातीचं. वाचताना उजेड कुठून आणायचा हा प्रश्न त्यानं खुर्चीतच सोडवला : डोक्याच्या दोन्ही बाजूंना पाठीतच दिवे बसवले. ज्या राजाला हवी ती कातडी, हवं ते लाकूड मागवता आलं असतं, त्यानं रेक्झिनवर बसणं पसंत केलं. मला तरी तिथे पैशापेक्षा हे धाडस जास्त दिसतं.

(सगळंच साधं होतं असं मात्र नाही. पॅरिसच्या नामवंतांचा मालही होता : रूलमानचं फर्निचर, दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे, प्विफोर्काची चांदी. राणी संयोगिताबाई कागलच्या. 1937 साली, ऐन विशीत, त्या गेल्या. पुढे 1980मध्ये माँटे कार्लोच्या लिलावात बरंचसं सामान जगभर पांगलं आणि वास्तूत सरकारी करखात्याचं कार्यालय आलं. हा इतिहास दुसऱ्या लेखाचा आहे.)

आता फ्रँकच्या गवताकडे येतो, कारण तुमच्या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर माझ्या मते तिथे आहे. 1920च्या दशकात पॅरिसमधल्या अतिश्रीमंतांची घरं सजवणारा हा माणूस. त्याच्या खोल्या इतक्या मोकळ्या असत की आपल्याकडची एखादी आत्या ‘सामान अजून यायचंय का?’ असं विचारेल. नोआय दांपत्याच्या वाड्यातल्या दिवाणखान्याच्या भिंती त्यानं चर्मपत्राच्या चौकोनांनी मढवल्या. कपाटं आणि टेबलं मढवायला त्याचं एक आवडतं द्रव्य होतं राय नावाच्या धान्याचा पेंढा. हो, पेंढाच, जो गुरांपुढे टाकतात.

ते काम कसं चालतं ते जवळून बघण्यासारखं आहे. एकेक काडी पातीनं उभी चिरायची. ओलसर करून हाडाच्या पट्टीनं दाबून सपाट करायची, की तिची काही मिलिमीटर रुंदीची फीत होते. मग या फिती एकीला एक खेटून, मध्ये केसाइतकीही फट न ठेवता, लाकडावर चिकटवायच्या. पेंढ्याच्या पृष्ठभागात सिलिका असते, त्यामुळे तो मुळातच चमकतो, वर पॉलिश लागत नाही. आणि फितींची दिशा बदलली की रंग तोच राहून छटा बदलते. नक्षीतली एक पाकळी उजळ, शेजारची गडद. तुम्ही दोन पावलं सरकलात की उलट. अख्ख्या कपाटाला लागणारा पेंढा कवडीमोलाचा. महाग आहे तो बसलेल्या माणसाचा वेळ. ही कला मध्यंतरी जवळजवळ बुडाली होती, ती लिझाँ द कोन या बाईंनी पॅरिसमध्ये पुन्हा उभी केली.

माझं म्हणणं एवढंच आहे, ताई. उंची म्हणवणाऱ्या घरांत पैसा कुठे जातो ते नीट पाहिलं, तर तो बऱ्याचदा मालात कमी आणि हातांत जास्त गेलेला असतो. आपण नेमकं उलट करतो. फोटोतला माल उचलतो, तो परवडत नाही म्हणून त्याचं छापील चित्र आणतो, आणि हातांना मात्र चौरस फुटाच्या दरानं उरकायला लावतो. मग काम होतंही उरकल्यासारखंच. व्हेनियरची, म्हणजे प्लायवर चिकटवायच्या खऱ्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, महागडी शीट आणायची आणि पॉलिशवाल्याला ‘दोन दिवसांत आटप’ म्हणायचं, हे मी इतक्या घरांत बघतो की आता बोलायचंही सोडून दिलंय. त्यापेक्षा मधल्या दराचं व्हेनियर घ्या आणि वाचलेल्या पैशात त्याला आणखी घासू द्या.

तुमच्या घरी सुताराचं काम चालू आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून अगदी तुमच्या कामाचं सांगतो. पलंगाशेजारी किंवा टीव्हीखाली एकावर एक ड्रॉवर असतील, तर त्यांची तोंडं एकाच शीटमधून, ओळीनं कापायला सांगा. कापायच्या आधी मागच्या बाजूला खडूनं एक, दोन, तीन असे आकडे घालायचे आणि त्याच क्रमानं बसवायची. लाकडाची रेघ वरच्या ड्रॉवरपासून खालच्यापर्यंत सलग उतरते. थोडी शीट वाया जाते, खडूला पैसे पडत नाहीत. न सांगता सोडलं, तर सुतार बिचारा शीट वाचवायला जातो. एक तोंड उभ्या रेघेचं, एक आडव्या रेघेचं कापतो आणि वर म्हणतो, ‘काय दिसत नाय ओ.’ दिसतं. लोकांना नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही एवढंच. फ्रँकच्या पेंढ्याकडून तुमच्या बेडरूमपर्यंत जे येऊ शकतं ते हेच, दिशेचं भान.

असंच एक जर्मन वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोहच्या बार्सिलोना पॅव्हिलियनचं. 1929मधली ही वास्तू. तिच्या मधोमध सोनेरी गोमेदाची, म्हणजे ऑनिक्सची, भिंत आहे. मीसला हॅम्बुर्गच्या एका दगडवाल्याकडे त्याचा एक मोठा ठोकळा सापडला. त्या ठोकळ्याच्या उंचीची दुप्पट ती पॅव्हिलियनची उंची, असं त्यानं ठरवलं. आधी आराखडा आणि मग त्यात बसेल असा दगड, असा नेहमीचा क्रम त्यानं फिरवला. आपल्याकडे ऑनिक्स नाही, पण आठ बाय चारचं प्लाय आहे. कपाटाची उंची आठ फुटांच्या आत बसवली की मध्ये सांधा येत नाही, सांधा नाही म्हणून तो झाकायला पट्टी नाही, पट्टी नाही म्हणून तिच्यावर सोनेरी प्रोफाइल मारायची इच्छा होत नाही. वर उरलेल्या जागेत लॉफ्ट वेगळा करा आणि तो भिंतीच्या रंगात रंगवून टाका. नजरेआड होतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त आवडला, कारण तो निम्मा बरोबर आहे. हल्ली मुंबईतल्या शोरूममध्ये ‘मोरोक्कन फिनिश’ म्हणून जे दाखवतात, ते मूळचं मराकेशचं ताडेलाक्त. चुन्याचा गिलावा दगडानं घोटायचा, वर ऑलिव्हच्या काळ्या साबणाचा हात द्यायचा, की तो पाणी धरत नाही. आपली मंडळी त्यावर बोटं फिरवून ‘वा’ म्हणतात. जयपूरकडे आराइश आहे : महिनोन्महिने भिजवून ठेवलेला चुना, त्यात संगमरवराची पूड, आणि अकीकाच्या दगडानं आरशासारखी होईपर्यंत घोटाई. आणि आपल्याकडे? गडावर गेलात की तो दगडी गोल चर आणि त्यातलं भलंमोठं चाक दिसतं, ज्यावर उभं राहून पोरं फोटो काढतात. तो चुन्याचा घाणा. बैल जुंपून त्यात चुना मळायचे.

याहून भारी म्हणजे कावी. सिंधुदुर्गापासून गोवा, कारवारपर्यंत जुन्या देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरी नक्षी असते, ती पुष्कळांना रंगवलेली वाटते. ती रंगवलेली नसते, खरवडलेली असते. समुद्रातल्या शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा थर, तो ओला असतानाच गुळगुळीत दगडानं घोटायचा आणि अणकुचीदार सळीनं नक्षी कोरून लाल खरवडायचं. खालचा पांढरा वर येतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं चुना हळूहळू पुन्हा दगड होत जातो, त्यामुळे कोकणचा पाऊस खाऊनही ती टिकते. रंगाच्या डब्याला ते जमणार नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली अशा भिंतींवर ऑइलपेंट मारताना किंवा सरळ चकचकीत टाइल बसवताना आपण मागेपुढे बघत नाही, आणि तीच घोटाई परदेशातून भाव लावून आली की रांग लावतो. इथे तुमचा राग रास्त आहे. पण ताई, चुन्याला एवढा भाव कशामुळे येतो हे ताडेलाक्तवर बोटं फिरवूनच मला कळलं, आणि त्यानंतर मी कावीची भिंत वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. बाहेरचं बघू नका म्हणण्यात मला म्हणून रस नाही.

आपल्या शहरी घरांचं म्हणाल, तर जुन्या इमारतींच्या जिन्यात आणि व्हरांड्यात नक्षीची सिमेंट टाइल अजून सापडते. मुंबईत 1922 साली स्वदेशीच्या वाऱ्यात सुरू झालेली भारत टाइल्स ती आजही करते. साच्यातल्या पत्र्याच्या कप्प्यांत हातानं रंग ओतायचे, कप्पे उचलून घ्यायचे, वर सिमेंट घालून दाबयंत्रात दाबायचं आणि मग पाण्यात मुरू द्यायचं. भट्टी नाही. रंग वरवरच्या छपाईचा नसून चांगला काही मिलिमीटर खोल असतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांखाली झिजूनही नक्षी जात नाही. सगळ्या घरात घालायला जाऊ नका. दाराच्या आतला, चपला काढायचा चौकोन तेवढा करा.

आता टीव्हीची भिंत. पीव्हीसीची मार्बल शीट लावू नका. तिच्यातल्या शिरा ठरावीक अंतरावर पुन्हा येतात, आणि एकदा का ते लक्षात आलं की रोज जेवताना तेवढंच दिसतं. कडेला तिचा आतला राखाडी गाभा उघडा पडतो, तो झाकायला पट्टी आणि पट्टीला शोभा म्हणून एलईडीची रेघ येते. तसाही तिथे मधोमध काळा आयत लटकणार आहे. भिंतीनं त्याच्याशी स्पर्धा कशाला करायची? साधा मॅट रंग द्या, त्याआधी पुट्टी मात्र नीट, वेळ देऊन घासून घ्या, आणि बाजूनं एक पिवळसर उजेडाचा दिवा सोडा. वाचलेले पैसे मुख्य दाराला आणि त्या ड्रॉवरांना घाला, ज्यांना तुमचा हात दिवसातून दहादा लागणार आहे. पॉलिशचा नमुना त्याच व्हेनियरच्या उरलेल्या तुकड्यावर करून मागा आणि तो रात्री, तुमच्याच दिव्याखाली बघा. दुकानातल्या पांढऱ्या उजेडात पास केलेला रंग घरी आल्यावर बदलतोच.

आणि शीट आधीच आणून ठेवली असेल, तर ती ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे लावा. तिथे साबणाचं पाणी उडतं, फडक्यानं पुसता येईल.