मला का मारतोस?

मावसबहिणीने परवा मला तिच्या फोनवरचा एक फॉरवर्ड दाखवला. फोन डाव्या हातात, कारण उजव्या मनगटाला क्रेप बँडेज. मेसेज तिच्या सासूबाईंकडून आलेला, शेवटी जोडलेल्या हातांची रांग. मथळा: 'खऱ्या ख्रिस्ती प्रेमाची पाच लक्षणं'. एरवी असलं काही मी उघडतही नाही.

तिसऱ्या लक्षणावर डोकं फिरलं. 'पतीचा राग हाच पत्नीचा क्रूस. प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलं आहे. म्हणून सोसा, घरातलं बाहेर सांगू नका.'

दुसऱ्या गालाचं वचन बायबलच्या मत्तय ५:३९ मध्ये आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात 'डोळ्याबद्दल डोळा' आहे. म्हणजे विषय सूड घेण्याचा चाललाय. शिवाय तिथे मुद्दाम 'उजवा' गाल म्हटलंय. समोरच्याने उजव्या हाताने उजव्या गालावर मारायचं तर हात उलटाच पडतो. ही अपमानाची चपराक. यहुद्यांच्या मिश्ना या ग्रंथात साध्या थपडेला २०० झूझ (चांदीची नाणी) दंड आहे आणि उलट्या हाताच्या थपडेला दुप्पट, ४००. अपमानाला अपमानाने उत्तर देऊ नकोस, एवढं त्या वचनातून निघतं. मार खायला रोज हजर राहा, हे कुठून काढलं?

आणि ज्याने हे सांगितलं त्याला प्रत्यक्ष थप्पड बसली तेव्हा त्याने काय केलं? योहान १८:२२-२३. प्रमुख याजकासमोर चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूला चपराक मारली. येशूने गाल पुढे केला नाही, गप्पही बसला नाही. चुकीचं बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं सरळ विचारलं. भर चौकशीत, सगळ्यांसमोर. 'घरातलं बाहेर सांगू नका'वाल्यांनी हा अध्याय कधी उघडला होता का?

क्रूसाचंही तसंच. योहान १०:१८ मध्ये तो म्हणतो की माझा प्राण कोणी माझ्याकडून घेत नाही, मी आपण होऊन देतो. नासरेथ या त्याच्याच गावच्या लोकांनी कड्यावरून ढकलायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात दगड उचलले तेव्हा लपून बाहेर पडला. दुसऱ्याने लादलेल्या माराला त्याने क्रूस म्हटलेलं मला तरी सापडलेलं नाही. उलट इफिसकरांस पत्रात (५:२५) ख्रिस्तासारखं स्वतःला देऊन टाकायची आज्ञा आहे ती नवऱ्यांना! ते वचन मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

बाकीची लक्षणं थोडक्यात. 'अगापे म्हणजे फक्त ईश्वरी प्रेम' हे अर्धंच खरं. अगापे हा प्रेमासाठीचा ग्रीक शब्द. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दावीद राजाच्या मुलाला, अम्नोनाला, सावत्र बहीण तामारेबद्दल जे वाटलं, ज्यातून त्याने तिच्यावर बलात्कार केला, त्यालाही हाच शब्द आहे (२ शमुवेल १३:१५). 'आधी उपासना, मग घर' याला मार्क ७ मधलं 'कुर्बान' पुरे: देवाला वाहिलंय असं सांगून आईबापांना टाळणाऱ्यांवर येशू तिथे चिडलाय. 'देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याला शिक्षा करतो' हे इब्री १२:६ मध्ये आहे, कबूल. ते काम त्याने नवऱ्याकडे सोपवल्याचं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

एक लक्षण मान्य करावंच लागतं, 'प्रेमाला किंमत मोजावी लागते'. योहानाच्या पहिल्या पत्रात (३:१६) भावासाठी प्राण द्यावा असं आहेच. पण लगेच पुढच्या वचनात तो गरजू भावाला आपल्याजवळचं देण्यावर येतो. प्राण देण्याची वेळ क्वचित येते. आजाऱ्याचं अंथरूण बदलण्याची रोज येते, आणि ती नवऱ्यावरही येते.

फॅमिली ग्रुपवर मी फक्त 'योहान १८:२३' एवढंच टाकलं. तासाभराने कोणीतरी विचारलं, "मग दुसऱ्या गालाचं काय?" म्हणून हे एवढं लिहावं लागलं.