डर्ट बाइकला सिंथेटिक ऑइल घालताय? मग डबा सोनेरीच घ्या

अभिनंदन. गाडी घेतलीत, आरसे काढलेत, नकल गार्ड लावलेत, चिखलाचे दोन रील टाकून झालेत, म्हणजे तुम्ही आता ऑफरोडर. राहिलं काय तर इंजिनला शोभेल असं सिंथेटिक ऑइल. मला विचारलंत ते बरं केलंत, कारण गेल्याच महिन्यात मी या विषयाचं सव्वासहा हजार रुपयांचं शिक्षण घेतलंय, तुम्हाला फुकट देतो.

सगळ्यात आधी, गाडीबरोबर जे ओनर्स मॅन्युअल मिळालंय ते प्लास्टिकमधून बाहेर काढू नका. फार कोरडी भाषा असते त्यात. माझ्या हीरो एक्सपल्सच्या मॅन्युअलमध्ये ऑइलबद्दल काय तर दाटपणाचा ग्रेड १०डब्ल्यू-३०, मानक जासो एमए२, संपलं. एवढ्याने कुणाचं समाधान होतं का? त्यापेक्षा बाइकवाल्यांच्या ग्रुपवर विचारा. 'गाइज बेस्ट ऑइल सजेस्ट करा' एवढंच टाका, गाडी कुठली, किती चालली, काही सांगू नका. दहा मिनिटांत चौदा उत्तरं येतात, त्यातले चार जण स्कूटर चालवतात, एक जण 'डीएम केलंय' म्हणतो आणि एक जण गुड मॉर्निंगचं फूल टाकतो. बहुमत असेल ते घ्यायचं.

डबा निवडताना रंग बघा. निळा डबा म्हणजे गरिबांचं, लाल म्हणजे ठीकठाक, सोनेरी म्हणजे विषयच नाही. डब्यावर ड्रॅगन, ज्वाळा किंवा धूळ उडवणारा हेल्मेटवाला असेल तर डोळे मिटून घ्या. मागची बाजू फिरवून वाचू नका, तिथे फार बारीक अक्षरं असतात आणि दुकानदाराला वाटतं हा गिऱ्हाईक नाही, इन्कम टॅक्सवाला आहे.

पुढच्या बाजूला 'सिंथेटिक' हा शब्द जेवढा मोठा तेवढं तेल चांगलं. यावरून अमेरिकेत १९९९ साली मोबिल आणि कॅस्ट्रॉलची चांगलीच जुंपली होती. जमिनीतूनच आलेलं तेल हायड्रोजनच्या दाबाखाली इतकं मोडून-जोडून साफ केलं की पार नवं झालं, ज्याला ग्रुप ३ म्हणतात, तर त्याला सिंथेटिक म्हणायचं की नाही? जाहिरातींच्या तक्रारी बघणाऱ्या मंडळाने सांगितलं, म्हणा. झालं. जर्मनीत अजूनही डब्यावर फुल सिंथेटिक लिहायचं तर आत पीएओ किंवा एस्टर, म्हणजे रसायनं जोडून बनवलेलं तेल, लागतं, आपल्याकडे चांगला डिझायनर लागतो. (ग्रुप ३ वाईट नसतं बरं का, उगाच नाक मुरडू नका. पण पैसे एस्टरचे देताना एकदा विचारा तरी आत काय आहे.)

१०डब्ल्यू मधला डब्ल्यू म्हणजे वेट, वजन. परवा एकाने मला छातीठोकपणे सांगितलं, मी काय बोलणार. विंटर असतो तो, थंडीत तेल किती पातळ राहतं त्याचा आकडा. ५डब्ल्यू वालं तेल उणे तीस डिग्रीला तपासतात की इंजिन फिरतंय का. वेल्ह्यात उणे तीस कधी होतं ते बघून कळवतो, तोवर तुम्ही ०डब्ल्यू घेऊन ठेवा, मिळणार नाही नंतर.

उन्हाळ्यात मात्र २०डब्ल्यू-५० घाला, ऊन जास्त असतं ना.

दाकार रॅलीतले रेसर जे वापरतात तेच घ्या. २०२४ ला रॉस ब्रांच हीरोच्या गाडीवर दाकारमध्ये दुसरा आला, त्याच ऑइलवर तुम्ही निदान पानशेतपर्यंत तरी जाल. फक्त ते ऑइल कधी बदलतात हे विचारायचं नाही. रेसच्या गाड्यांना तासाचं मीटर असतं, इंजिन किती तास चाललं त्यावर ऑइल बदलतात, किलोमीटरचा हिशोबच नाही. तुम्ही कशाला बदलताय, फुल सिंथेटिक आहे ना, दहा हजार किलोमीटर बघायचं नाही. एवढे पैसे देऊन परत काढून टाकायचं म्हणजे जिवावर येतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. कारचं ऑइल घाला.

हसू नका, मी घातलं. म्हणजे घातलं गेलं. सर्व्हिसिंगला गाडी सोडली, गॅरेजवाल्या दादांना म्हटलं या वेळी चांगलं सिंथेटिक टाका, पाऊस संपतोय, मढे घाटाकडे जायचंय. दादा म्हणाले, "सर, टॉपचं टाकतो. तीस लाखाच्या गाड्यांत पडतं हे." लिटरला अकराशे रुपये. मी खूश. आता तीस लाखाची गाडी म्हणजे चार चाकांची, हे माझ्या डोक्यात त्या वेळी आलं नाही आणि त्यांच्या आजही आलेलं नाही. पहिले दोन दिवस तर गाडी अशी मक्खन चालली की मी ग्रुपवर लिहिलंसुद्धा, 'गाइज, फरक जाणवतोय.' गिअर लोण्यासारखे पडत होते. पडणारच होते!

केळदच्या अलीकडे एक कच्चा चढ आहे, लाल मातीचा, पावसाने मधोमध चर पाडलेला. पहिल्या गिअरवर थ्रॉटल दिला, इंजिन बोंबललं, काटा वर, गाडी जागेवर. अजून दिला. अजून बोंबललं. गाडी हलतेय ती मागे. मागचं चाक फिरतसुद्धा नव्हतं, म्हणजे चिखलात रुतलोय असंही नाही, आणि खालून वास यायला लागला, कागद जळाल्यासारखा, ज्याने एकदा घेतलाय त्याला तो आयुष्यभर कळतो. मी ब्रेक दाबून तिथेच उभा, आणि मागून एक आजोबा आले एम८० वर, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, पायात स्लीपर. थांबले.

"बंद पडली व्हय?"

"नाही, चालू आहे."

"मंग जात का न्हाई?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते चर वाचवत, पाय टेकवत टेकवत वर निघून गेले, एक थेंब दूध सांडलं नाही. मी गाडी उताराला सोडली, रस्त्याला आणली, आणि छोटा हत्तीवाल्याने ती पुण्यात आणायचे अडीच हजार घेतले.

का झालं? कारण कारमध्ये क्लच वेगळीकडे असतो, कोरडा, इंजिन ऑइलचा त्याच्याशी संबंध नाही. आपल्या बाइकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांची आंघोळ एकाच बादलीत. क्लच प्लेट तेलात बुडालेल्या असतानाच एकमेकींना धरायच्या असतात. आणि कारच्या त्या ५डब्ल्यू-३० मध्ये मायलेज वाढावं म्हणून घर्षण कमी करणारी औषधं मुद्दाम घातलेली असतात! म्हणजे ज्या घर्षणावर माझी गाडी चढ चढते तेच कमी करायचं औषध मी अकराशे रुपये लिटरने विकत घेऊन आत ओतलं. नेमकं हे होऊ नये म्हणून तर जपान्यांनी नव्वदच्या दशकात बाइकच्या तेलासाठी वेगळं जासो मानक काढलं, की बाबांनो क्लच तेलात असेल तर एमए बघा, कोरड्या क्लचची स्कूटर असेल तर एमबी चालेल, २००६ ला परत एमएचे एमए१ आणि एमए२ केले, अजून सोपं करून दिलं, डब्याच्या मागे छापायला चौकटही ठरवून दिली, आणि आमचे दादा पंचवीस वर्षं गॅरेज चालवून त्या चौकटीकडे बघत नाहीत कारण पुढे मर्सिडीजसारखी काहीतरी गाडी छापलेली आहे.

आणि वर काय ऐकवलं माहितीये? "सर, ऑइलचा प्रॉब्लेम नाही. तुम्ही हाफ क्लचवर चालवता."

मी! हाफ क्लचवर! सात वर्षं चालवतोय, याआधी एकदाही क्लच प्लेट बदलली नाही. अहो, क्लच कव्हर तुमच्यासमोर उघडलं, प्लेटा काळ्याठिक्कर, काचेसारख्या गुळगुळीत, नखाने ओरखडा येत नव्हता, आणि तुम्ही मला हाफ क्लच सांगता. प्लेटांचा सेट, कव्हरचं गॅस्केट, योग्य ऑइल एकदा धुवायला आणि एकदा भरायला, लेबर. लेबरसुद्धा लावलं त्यांनी.

जाऊ दे. बाकीचे सल्ले पटकन देतो, आता मूड गेला.

ओढ्यातून गाडी घातल्यावर ऑइल बघू नका. कॉफीसारखं दुधाळ दिसलं तर ती क्रीम आहे असं समजा.

एअर फिल्टरला हात लावू नका, सगळं ऑइल बघून घेतं. धूळ आत जाऊन बोअर-पिस्टन घासला आणि गाडी निळा धूर मारायला लागली की अजून महाग ऑइल घाला.

ड्रेन बोल्ट जोर लावून आवळा, इतका की 'कट' असा आवाज आला पाहिजे. ते आटे गेल्याचं चिन्ह आहे, म्हणजे आता नीट बसला. वॉशर जुनाच वापरा, वीस रुपये वाचतात.

रिकामा डबा भंगारवाल्याला अख्खा द्या, तोडूनबिडून नको. तोच डबा परत भरून, नवीन सील लावून तुम्हालाच विकायला लोकांना सोपं जातं, रोजगार आहे.

बास. नाही जमत मला हे गमतीत घ्यायला.

अरे, दीड-दोन लाखांची गाडी घेता, वीस हजारांचे बूट घालता, आणि डबा उलटा करून एक ओळ वाचायचा कंटाळा येतो? काय कठीण आहे? मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तो, आणि मागे जासो एमए किंवा एमए२, जे मॅन्युअल म्हणेल ते. हे दोन जुळले की मग खुशाल सिंथेटिक घ्या, एस्टर घ्या, मिनरल घ्या, खिशाला झेपेल ते घ्या. सिंथेटिक चांगलंच असतं, तापल्यावर टिकतं, गिअरच्या दातांत भरडलं तरी लवकर पातळ होत नाही, मी कुठे नाही म्हणतोय? पण चुकीचं महाग तेल हे चुकीचंच तेल असतं, आणि पाण्यातून, फुफाट्यातून गाडी काढल्यावर तेच तेल सहा महिने आत ठेवून वर 'फुल सिंथेटिक आहे' म्हणून मिरवणाऱ्याने साधं वेळेवर बदललेलं तेल घातलं असतं तर इंजिन जास्त सुखात असतं.

ग्रुपवर 'ब्रो, काही नाही होत, मी दोन वर्षं कारचंच घालतोय' सांगणाऱ्यांना तर मला प्रत्यक्ष भेटायचंय. तुझी गाडी एफसी रोडवर कॉफी प्यायला जाते रे. तिला चढ माहितीये का? तुझं काही होत नाही म्हणून दुसऱ्याला कशाला सांगतोस? आणि गॅरेजवाल्यांनो, माहीत नसेल तर 'माहीत नाही, मॅन्युअल बघू' म्हणा ना, कमीपणा येत नाही त्यात. आणि मी, सात वर्षं चालवणारा शहाणा, समोर स्टुलावर बसून चहा पीत होतो, डबा हातभर अंतरावर उघडत होते, त्याच्यावर कारचं चित्र होतं. कारचं! एवढं मोठं! मला दिसलं नाही, कारण मी त्याच वेळी ग्रुपवर बेस्ट ऑइल कुठलं ते वाचत होतो.

त्या डब्यातलं पाऊण लिटर अजून माझ्या बाल्कनीत पडलंय, झाडांच्या मागे. कुणाकडे ५डब्ल्यू-३० लागणारी पेट्रोल कार असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. बाइक घेऊन आलात तर दार उघडणार नाही.