एफवायला ॲडमिशन घेतलीय ना, मग या की वर्गात!

पावसाळा लागला की आमच्याकडे एफवायबीएस्सीचे वर्ग भरतात. म्हणजे यादीत भरतात. पहिल्या आठवड्यात बाकांवर दाटीवाटी असते, गणपती उठेपर्यंत मागचे बाक रिकामे आणि दिवाळीच्या तोंडावर निम्मा वर्ग गायब. गायब झालेले कुठे असतात हे आम्हा शिक्षकांना पाठ असतं. कुणी मेडिकलची 'नीट' परीक्षा रिपीट करतंय, कुणी सीईटीच्या पुढच्या फेरीकडे डोळे लावून बसलंय, कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे ग्राउंड मारून दुपारभर झोपतंय. आणि बरेचसे नुसतेच खोलीवर पडून असतात. ती मुलं मला सगळ्यात जास्त खुपतात.

मी रसायनशास्त्र शिकवते. सध्या फर्स्ट इयरच्या मुलांना सल्ले देणाऱ्या पोस्टचा पूर आलाय. मोबाईल कमी वापरा, संगत बघून करा, रोज पेपर वाचा, इंग्रजी सुधारा. चांगलंच आहे सगळं. पण ते ज्याला कॉलेजात यायचंच होतं त्याच्यासाठी आहे. ज्याला यायचं नव्हतं त्याचं काय? एमबीबीएस हवं होतं, हुकलं. मग बीएएमएस, फार्मसी, बी.टेक. असं करत करत शेवटी 'वर्ष वाया नको' म्हणून बापाने बीएस्सीची फी भरली. आमच्या वर्गात हाच विद्यार्थी बहुसंख्येने असतो आणि त्याच्याशी कुणी सरळ बोलत नाही. म्हणून ही पोस्ट त्याच्यासाठी.

पहिलं म्हणजे, नीट पुन्हा द्यायची असेल तर जरूर द्या. कितीदा द्यायची यावर आज मर्यादा नाही, वयाची वरची अटही काढून टाकलेली आहे. पण मग उघडपणे ड्रॉप घ्या. गॅप पडली तर पुढे ॲडमिशन मिळणार नाही, ही भीती घराघरांत बसलीय. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी गॅप सर्टिफिकेट म्हणून एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, बस. ते तहसीलच्या बाहेर बसलेला माणूस करून देतो. त्याउलट एफवायचं नाव लावून क्लासला जाणाऱ्याचं काय होतं ते मी दरवर्षी बघते. पहिल्या सेमिस्टरला इंटर्नल हुकतात, प्रॅक्टिकल बुडतात, दोन-तीन विषय राहतात. दुसऱ्या सेमिस्टरला तर कहरच. नीट गेली काही वर्षं मेच्या पहिल्या रविवारी होते आणि आमच्या विद्यापीठीय परीक्षा एप्रिल-मेमध्येच येतात. एकीकडे बायोलॉजीचे एमसीक्यू, दुसरीकडे जर्नल सबमिशन. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं जे होतं तेच होतं. नीटचा स्कोअर आहे तिथेच आणि गळ्यात एटीकेटी. गॅप परवडली असती.

मग पालकांचे फोन. 'मॅडम, तो रिपीट करतोय, हजेरीचं जरा बघा ना.' मी हजेरीचं बघत नाही. बघणारे आहेत, आणि त्यांनी मुलांचं भलं केलंय असं मला कधी वाटलं नाही.

आता ज्यांनी राहायचं ठरवलंय, किंवा नाइलाजाने का होईना राहावं लागतंय, त्यांच्याकडे येते.

तुमच्यातल्या अनेकांनी अकरावी-बारावीला कॉलेज बघितलेलंच नाही. नाव एका कॉलेजात, बसणं क्लासमध्ये. इंटिग्रेटेड की काय म्हणतात ते. बारावीला प्रॅक्टिकलचे ३० मार्क असतात, त्यात २९ पडलेले, आणि पोराने ब्यूरेट, म्हणजे खाली नॉब असलेली मापाची काचनळी, हातात धरलेली नाही. हे मी चिडून सांगत नाही, दर जुलैला समोर दिसतं ते सांगतेय. थेंबथेंब द्रावण सोडून मोजायच्या पहिल्या टायट्रेशनला फिनॉल्फ्थॅलिनचा फिकट गुलाबी रंग यायच्या ऐवजी फ्लास्कमध्ये राणी कलर येतो आणि तरीही वहीत तिन्ही रीडिंग ९.८, ९.८, ९.८. सीबीआर, म्हणजे ब्यूरेटचं एकसारखं येणारं रीडिंग, एकदम टकाटक! शेजारच्याचाही ९.८. त्याच्या शेजारच्याचाही. मी विचारते, 'फ्लास्क दाखव.' फ्लास्क धुतलेला असतो.

मुलांनो, रीडिंग चुकू द्या. ९.८, १०.३, ९.९ आले तर तसे लिहा, आणि १०.३ का आला ते विचारा. नॉब पटकन बंद झाला नाही, ब्यूरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला, डोळा पातळीच्या वर होता, यातलं काहीतरी असतं. हे कळायला हात लागतो. यूट्यूब बघून पोळी गोल होत नाही, तसंच आहे हे. अभ्यासक्रमाच्या नव्या रचनेत अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटमागे ३० तास धरलेत, थिअरीच्या क्रेडिटमागे १५. म्हणजे लॅबमधला वेळ दुप्पट. तो वेळ 'मॅडम, सह्या कधी देणार' विचारण्यात घालवायचा की काय, ते तुम्ही ठरवा.

नव्या रचनेचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द त्यावर. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम लागू झाला. त्यामुळे वेळापत्रकात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस अशी अक्षरांची भेळ दिसते आणि मुलं घाबरतात. खरं सांगायचं तर काही प्राध्यापकही घाबरलेले आहेत. पण त्यात तुमच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक, सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट मिळतात आणि ती ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात. ते खातं डिजिलॉकरमधून आधीच उघडा. नावाचं स्पेलिंग आधार आणि मार्कलिस्टवर एकच आहे ना ते बघा, नाहीतर पुढे चपला झिजतील. दोन, वर्ष पूर्ण करून, वर ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करून बाहेर पडलात तर प्रमाणपत्र मिळतं. जमा झालेली क्रेडिट्स ७ वर्षांपर्यंत वापरता येतात. म्हणजे नंतर विद्यापीठ बदललं तरी हे वर्ष खात्यात असू शकतं, अट एवढीच की तुम्ही ते पास झालेलं असलं पाहिजे.

आणि 'बीएस्सी करून काय होणार' हा प्रश्न. लग्नात भेटलेले काका विचारतात तो. काकांना सांगायला उत्तर नसलं तरी चालेल, स्वतःकडे असू द्या. तीन वर्षांनी जॅम नावाची परीक्षा असते, तिच्यावर आयआयटीमध्ये एमएस्सीला प्रवेश मिळतो. तिचा पाया एफवायच्या पुस्तकांतच आहे. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या मुलांसाठी निअस नावाचा कार्यक्रम चालवतं, त्यात पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं खऱ्या प्रयोगांवर काम करतात. बारावीला बोर्डात वरच्या १ टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञान घेतलं असेल तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे. त्यातले २०,००० उन्हाळी प्रोजेक्टसाठी. यंदाची जाहिरात आणि तारखा तुमच्या तुम्हीच शोधा, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवेल म्हणून बसू नका. शेवटचा दिवस संपल्यावर 'मॅडम, फॉर्म सुटलाय का' विचारणारी मुलं दरवर्षी असतात.

पुण्याच्या आसपास असाल तर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळ खोडदला जा. जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी त्या सुमारास लोकांना बघायला मिळतात, गावोगावची शाळकरी पोरं प्रकल्प घेऊन आलेली असतात. सातवी-आठवीतली मुलगी तुम्हाला तिचं मॉडेल समजावून सांगते तेव्हा आपण बारावीत फक्त ऑप्शन ए-बी-सी-डी केलं हे बरोबर लक्षात येतं.

ऑफिसची कामं. यावर थोडक्यात, कारण नोटीस बोर्डावर सगळं लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा फॉर्म शेवटच्या रात्री भरू नका, साइट हमखास बसते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जात पडताळणी, यांच्या तारखा तपासा. बँक खातं आधारला लिंक आहे का ते बँकेत जाऊन विचारा. फॉर्म भरला की तो कॉलेजच्या लॉगिनवरून पुढे गेला का, हे खिडकीवर जाऊन विचारा. क्लार्क ओरडेल. ओरडू द्या, पैसे तुमचे आहेत. बाहेरगावची मुलं कॉट बेसिसवर राहतात, महिन्याला मेसचे पैसे भरताना जीव जातो. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून गप्प बसू नका. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अटी वेगवेगळ्या आहेत, समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात विचारा. आणि कुणी रॅगिंग केलं तर 'सीनियर आहेत, चालतंच' म्हणू नका. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. देशभरासाठी हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२.

इंग्रजीचं ओझं घेऊन येणाऱ्यांना एकच सांगते. वर्गात शंका मराठीत विचारा. मी तरी आजपर्यंत एकाही मुलाला 'आस्क इन इंग्लिश' म्हटलेलं नाही, आणि जे म्हणतात त्यांना स्टाफरूममध्ये मी माझं मत ऐकवलेलं आहे. मोल आणि मोलॅरिटीतला फरक मराठीत कळला तर पेपर इंग्रजीत लिहिता येतो. न कळता पाठ केलेलं इंग्रजी व्हायव्हात दुसऱ्याच प्रश्नाला गळून पडतं.

जाता जाता पालकांना. मुलाच्या निकालाचं दुःख तुम्हाला आहे, मान्य. पण पाहुण्यांसमोर 'सध्या काहीतरी करतोय' म्हणू नका. तो ऐकत असतो. बीएस्सी करतोय, केमिस्ट्री घेतलीय, एवढं तरी नीट सांगा. आणि त्याचं काय करायचं हे विचारायला मला फोन करण्यापेक्षा त्यालाच पाठवा. माझी प्रॅक्टिकल्स दुपारी असतात, त्यानंतर मी तासभर लॅबमध्येच असते. दार उघडं असतं. स्वतःहून चौकशीला आलेला मुलगा काय विचारतो त्यावरून पुढचं बोलता येतं. आईच्या फोनवरून मला फक्त आईच कळते.