विन्याचा इमर्जन्सी फंड

नाशिकच्या रविवार कारंज्यावर चहाच्या टपरीपाशी आमचा कट्टा. मास्कच्या बातम्या पुन्हा निघाल्या आणि विन्याने लगेच सगळ्यांच्या धंद्याचा हिशोब मांडायला घेतला. विन्या म्युच्युअल फंड विकतो.

"सहा महिन्यांचा इमर्जन्सी फंड नव्हता म्हणून लॉकडाऊनमध्ये दुकानं बसली. ज्यांनी मॉडेल बदललं, ते तरले."

"हजामतीचं मॉडेल काय बदलू भो?" बंडू म्हणाला. "गिऱ्हाइकाने डोकं कुरिअर करायचं का?"

बंडूचं सलून मार्च 2020 मध्ये बंद झालं ते थेट 28 जूनला उघडलं. तेही फक्त केसांसाठी, दाढीला परवानगी नव्हतीच. "केस वाढत होते, थकलेलं भाडं वाढत होतं, आणि कापायची परवानगी कशालाच नव्हती."

"ऑगस्टपर्यंत कर्जाच्या हप्त्यांना मोरेटोरियम होता की!"

"हप्ता थांबला. व्याज चालूच होतं."

"व्याजावरचं व्याज सरकारने परत दिलं."

"व्याजावरचं दिलं. व्याज कुणी दिलं?"

विन्या चहात बिस्कीट बुडवत बसला. रोजच्या गल्ल्यावर घर चालवणाऱ्याकडे सहा महिन्यांची शिल्लक पडणार कुठून, हे त्याने आजवर एकदाही सांगितलेलं नाही.

"आणि उघडल्यावर काय सुख होतं?" बंडू थांबेना. "दर गिऱ्हाइकामागे खुर्ची पुसायची. त्या जंतुनाशक हायपोक्लोराइटने दांड्यांचं पॉलिश उडालं, कात्रीच्या स्क्रूला गंज चढला. एप्रन एकदा वापरून फेकायचा. वीस रुपये वाढवले तर लोक घासाघीस करायला लागले. कोण ते सांगू?"

सगळ्यांनी विन्याकडे पाहिलं.

सलीमचा लग्नपत्रिकांचा छापखाना. "तुझी गिऱ्हाइकं निदान परत आली. 2021 च्या एप्रिलात लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास. पंचवीस जणांसाठी पत्रिका कोण छापतो? तेव्हा फोनवर गेलेली पत्रिका कागदावर परत आलीच नाही. मी 'मास्कशिवाय प्रवेश नाही'चे स्टिकर छापले."

"हेच ते!" विन्या उसळला. "मॉडेल बदललं!"

"अर्ध्या दुकानदारांनी पैसे दिले नाहीत. मागणार कुणाकडे, पुन्हा शटरं खाली. मला कागदवाल्याने सांभाळलं. वर्षभर तगादा नाही लावला."

आमच्या गावातले छोटे धंदे असेच टिकले. एकाने दुसऱ्याची उधारी पोटात घातली म्हणून. हे कुठल्याच सरकारी पॅकेजात मोजलं गेलं नाही, याचा मला आजही राग येतो.

मग निघाली पाच रुपयांची पावती. मार्च 2021 अखेर बाजारात शिरायला माणशी पाच रुपये, तासाभरात बाहेर, नाहीतर पाचशे दंड.

"गर्दी कमी करायला होतं ते," विन्या.

"तासात लग्नाचा बस्ता होतो का रे?" सलीम म्हणाला. "तुझ्या बायकोला एक साडी घ्यायला दुपार जाते."

"बायकोवरून आठवलं," बंडू म्हणाला, "लॉकडाऊनमध्ये वहिनींनी याचे केस कापले होते. मागून उंदराने कुरतडल्यासारखे. 28 जूनला मी शटर उघडायच्या आत हा टोपी घालून दारात हजर! ते पैसे अजून यायचेत."

"मोरेटोरियम आहे," विन्या म्हणाला.

कपबश्या विसळता विसळता चहावाले काका म्हणाले, "मग माझ्या वहीतलं पण व्याज धरू का, विनायकराव?"

सलीमला हसता हसता ठसका लागला, आणि विन्याने पहिल्यांदाच सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले.