बापाला काय हवे आहे?

मालवणच्या जेटीलगतच्या कट्ट्यावर परवा रात्री जो वाद रंगला, तो राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही तालमीला घेतलेल्या संहितेवरून. माझ्याकडे बापाची भूमिका आहे. सातव्या पानावर तो मुंबईहून आलेल्या मुलाला दीड पान ऐकवतो, आणि सुरुवातच अशी : "तुझी आई जाऊन बारा वर्षे झाली, तेव्हापासून हे घर मी एकट्याने सांभाळले." हे मुलाला ठाऊक नसेल का? प्रेक्षकाला माहिती पुरवण्यासाठी लिहिलेले वाक्य नटाने मनापासून कसे बोलावे, आणि ते खोटे वाटले की नट कमी पडल्याचा शेरा मात्र आम्हीच का घ्यावा, असे मी तावातावाने विचारले.

दिग्दर्शन करणाऱ्या मास्तरांना हे मुळीच पटले नाही. नटाने संहितेला नावे ठेवू नयेत, विराम आणि नजर सांभाळली की कच्चे वाक्यही उभे राहते, असे ते म्हणाले आणि त्यांनी दशावतारात, म्हणजे कोकणातल्या पौराणिक लोकनाट्यात, राजपार्टी (राजाची भूमिका) करणाऱ्या अण्णांकडे बोट दाखवले. "यांच्या हाती तर कागदही नसतो!"

ते खरेच आहे. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. नट स्वतःच तोंड रंगवत असतात, तेव्हा रंगपटात आख्यानाचे कथानक ठरते, आणि पुढे पेटी-पखवाजाच्या साथीने, एका बाकड्याला कधी सिंहासन तर कधी आणखी काही मानून, ते उत्तररात्रीपर्यंत उत्स्फूर्त बोलत राहतात. पण अण्णांनीच मास्तरांना अडवले. "कागद नसता म्हणून गोष्ट नसता असा नाय, मास्तरानू. राजाक काय व्हया, ता आधीच ठरलेला असता."

माझ्या मते सगळे मर्म इथेच आहे. पुराणकथेचा सांगाडा इतका भक्कम असतो की नटाला फक्त शब्द शोधावे लागतात. आमच्या संहितेत शब्दांची रेलचेल आहे आणि सांगाडाच नाही. शिवाय दशावतारी नट फसलेला प्रसंग दुसऱ्या रात्री दुरुस्त करतो, आम्हाला मात्र नाटके तपासून परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाने संमत केलेली संहिताच सादर करावी लागते, त्यामुळे तक्रार करायची तर ती आताच.

अण्णांनी मोबाइलच्या उजेडात ते दीड पान सावकाश वाचले आणि विचारले, "ह्या बापाक काय व्हया?"

मला सांगता आले नाही, मास्तरांनाही नाही. आमच्यातलाच असलेला लेखक तोवर गप्प होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "त्याला घर विकायचे आहे, पण मुलाने नको म्हणावे, अशी त्याची इच्छा आहे."

यातले एक अक्षरही सातव्या पानावर नव्हते. मी माझी प्रत त्याच्या हाती दिली.