‘मिरवायचा डबा’ म्हणणाऱ्या वाचकास

काँटॅक्स टी२ या रोलवाल्या छोट्या कॅमेऱ्यावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. म्हणणं असं, की ऑलिंपसचा म्यू-२ बऱ्याच कमी पैशांत तसेच फोटो देतो, टी२ बिघडला तर सुटे भाग मिळत नाहीत, त्यापेक्षा निकॉनचा एफएम२ घ्यावा, रोलही महागलेत. आणि शेवटी, ‘हा डबा लोक नुसता गळ्यात अडकवून मिरवायला घेतात.’

रोल महागलेत हे शंभर टक्के मान्य. त्यात धुणं, स्कॅनिंग. चिमटा बसतोच.

पण मिरवायला? अहो, मला ओळखता का तुम्ही? माझ्या वडिलांचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता. दहावीच्या फॉर्मचे फोटो, लग्नं, कुणी गेलं की भिंतीवर लावायची तसबीर. याशिकाचा ट्विन लेन्स कॅमेरा, 120 चा रोल, फोटो 12. नवरीने डोळे मिटले की एक वाया, आणि वडील घरी येईपर्यंत गप्प. फोटो धुवायच्या हायपोचा वास अंगाला घेऊन मी शाळेत गेलोय. ज्या क्योसेरा या जपानी कंपनीने टी२ काढला, तिने 1983 साली ही याशिकाच विकत घेतली होती. म्हणजे माझ्यासाठी तो घरातलाच कॅमेरा. याला मिरवणं म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण निदान विचारून तरी म्हणा.

बरं, ‘डबा’! टायटॅनियमची बॉडी, कार्ल झाइसची 38 मिमी ‘सोनार’ लेन्स, अ‍ॅपर्चर (म्हणजे लेन्समधून उजेड आत सोडणारं भोक केवढं ते) आपल्या हाताने ठरवायची रिंग. तुमचा म्यू-२ अ‍ॅपर्चर स्वतःच ठरवतो, आणि दरवेळी चालू केला की फ्लॅश नव्याने बंद करत बसा. हे वापरून लिहिलंत की यूट्यूबवर बघून? (2017 साली केंडल जेनर या अमेरिकन मॉडेलने टीव्हीवर टी२ दाखवला आणि मागणी वाढली, हे मलाही ठाऊक आहे. माझा त्याआधीचा आहे.)

सुट्या भागांचं म्हणाल, तर क्योसेराने 2005 मध्येच काँटॅक्स गुंडाळायचं जाहीर केलं. जुनी बातमी आहे ती. बिघडेल तेव्हा बघू.

आणि एफएम२ उत्तमच. बॅटरी नसली तरी शटर चालतं, नाही कोण म्हणतंय? पण तो खिशात मावत नाही. विषय संपला.